टेस्ट ड्राइव्हला सोबत कोण बसणार?

हेमराजभाऊ चुटे यांनी टेस्ट ड्राइव्हचे अकरा नियम टाइप करून शेडच्या पत्र्याला चिकटवून नऊ दिवस झाले होते आणि विकायला काढलेल्या गाडीचे एकही गिऱ्हाईक दुसऱ्या नियमाच्या पुढे सरकले नव्हते.

पहिला नियम सोपा होता. मूळ लायसन्स दाखवणे. दुसऱ्या नियमात स्वतःचा रक्तगट लिहून द्यायचा होता, आणि इथे भले भले अडकत. तीस-तीस लाखांच्या गोष्टी करणारे लोक रक्तगट म्हटल्यावर आभाळाकडे पाहत. एकाने बायकोला फोन लावला. बायकोने आधी विचारले, "कुठे आपटले?" आणि रडायला सुरुवात केली. तो तसाच निघून गेला.

"तुमी गाडी विकून राहिले का भट्टीत उतराची परमिट देऊन राहिले?" मथुराबाई ओसरीतून म्हणाल्या.

"मथुरा, बत्तीस वर्षं स्टील प्लांटच्या सेफ्टी डिपार्टमेंटमधी काढली मी. माझ्या दारातून कोणी विना रक्तगटाचा जाणार नाही."

गाडी त्यांच्या मुलाची होती. अंकुर हैदराबादला नोकरी करायचा. त्याने ही पिवळी, दोन दारांची, जमिनीपासून वीतभर उंच असलेली परदेशी गाडी जुनी म्हणून हौसेने घेतली, आणि घेतल्यावर सहा महिन्यांत कंपनीने त्याला तीन वर्षांसाठी जर्मनीला पाठवायचे ठरवले. दिवाळीला तो गाडी घेऊन भिलाईला आला आणि सेक्टर दोनमधल्या बापाच्या क्वार्टरपुढे ठेवून विमानाने परत गेला. जाताना म्हणाला, "बाबा, मार्चमध्ये मी निघणार. त्याच्या आधी विकून टाका ना प्लीज. शून्य ते शंभर साडेचार सेकंदांत जाते, इतनाही बोलना, लोग पागल होके आएँगे."

"साडेचार सेकंद?" मथुराबाईंनी विचारले होते. "आपला कुकर शिटी द्याले वीस मिनिटं घेते."

लोक खरेच वेडे होऊन आले. हेमराजभाऊ प्रत्येकाला शेडमध्ये उभे करत, प्लांटमध्ये पाळी सुरू होण्याआधी कामगारांना देतात तसे पाच मिनिटांचे सुरक्षेवरचे भाषण देत, मग त्याच्या डोक्यावर प्लांटचे पिवळे हेल्मेट ठेवत. गाडीचे छत इतके खाली होते की हेल्मेट घातलेला माणूस मान वाकडी केल्याशिवाय आत मावत नसे. मान वाकडी केलेल्या माणसाला समोरचा रस्ता दिसत नसे. तेव्हा हेमराजभाऊ म्हणत, "दिसत नाही तं चालवू नका. नियम नऊ."

सगळे नियम पार करणारा पहिला माणूस दुर्गचा टायरवाला राजदीप. रक्तगट विचारताच त्याने खाडकन सांगितले, "बी पॉजिटिव, अंकल. और रहता भी हूँ." हेल्मेट त्याने आनंदाने घातले आणि मान वाकडी करूनही रस्ता दिसेल असा सीटवर घसरून बसला. सातव्या नियमाप्रमाणे मालकाच्या बाजूने एक जबाबदार व्यक्ती शेजारच्या सीटवर बसणे बंधनकारक होते. हेमराजभाऊ बसले. पट्टा लावला. दोनदा ओढून पाहिला.

सेंट्रल अव्हेन्यूपर्यंत राजदीप तीसच्या वर गेला नाही. हेमराजभाऊंना तो फार आवडला. मग मरोद्याच्या बाजूचा मोकळा रस्ता लागला आणि राजदीपने नम्रपणे विचारले, "अंकल, थोड़ा देखूँ?"

हेमराजभाऊंना वाटले, तो आरसा पाहणार आहे. ते म्हणाले, "देखो, देखो. जरूर देखो."

पुढच्या चार सेकंदांविषयी हेमराजभाऊ नंतर कधी नीट बोलले नाहीत. इतके कळले की त्यांनी पायाखाली नसलेला ब्रेक इतका दाबला की उजव्या पायाचा जोडा निघून सीटखाली गेला, आणि तोंडाने ते प्लांटच्या अग्निशमन विभागाचा फोन नंबर म्हणत होते. क्वार्टरपुढे उतरल्यावर राजदीपने हेल्मेट परत दिले. "इंजन एक नंबर है अंकल. लेकिन डिक्की छोटी है. मेरे टायर नहीं आएँगे."

हेमराजभाऊंनी दोन दिवस खिचडीच खाल्ली. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "मी आता बसणार नाही. कोणालेच देत नाही टेस्ट ड्राइव्ह. जिथं उभी आहे तिथं पाहा, घ्याची तं घ्या."

"अशी कोण घेईन?" मथुराबाई म्हणाल्या. "भाजीवालाबी वांगं दाबून पाहू देते. मी बसते सोबत."

"तू? तुले का समजते गाडीतलं?"

"बसाले का समजा लागते? पोतंबी बसते."

नियम सातमध्ये 'जबाबदार व्यक्ती' असेच लिहिले होते. पुरुष असे कुठे लिहिले नव्हते. हेमराजभाऊंनी नाइलाजाने मान हलवली.

मथुराबाईंचे पहिले गिऱ्हाईक रायपूरचा एक हिशेबनीस होता. तो पंचवीसच्या वेगाने सिव्हिक सेंटरला जाऊन परत आला. मथुराबाई उतरल्या त्या तोंड पाडून. "हे का गाडी आहे?" त्या म्हणाल्या. "यापेक्षा आपली स्कूटर बरी."

हेमराजभाऊ समाधानाने हसले आणि रजिस्टरमध्ये नोंद केली. रजिस्टरमध्ये शेवटचा रकाना होता, 'न घेण्याचे कारण'. हिशेबनिसाच्या नावापुढे त्यांनी लिहिले, 'विचार करून सांगतो.'

दुसरा आला तो एक ढाबेवाला. दणकट, मिशीवाला, पैलवानासारखा. तो मथुराबाईंना घेऊन गेला आणि बारा मिनिटांत परत आला. उतरला तेव्हा त्याच्या मिशा होत्या तिथेच होत्या, पण चेहरा उतरला होता. शेडच्या खांबाला धरून तो थोडा वेळ उभा राहिला. मथुराबाई दुसऱ्या दारातून आल्या. अंबाडा सुटलेला, पदर खांद्यावरून मागे गेलेला, गाल लाल.

"का झालं?" हेमराजभाऊंनी घाबरून विचारले.

"काही नाही. हवा होती."

ढाबेवाला हेमराजभाऊंना बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "भाईसाहब, मैं तो आराम से चला रहा था. माताजी बोलीं, भाऊ, कावून भिऊन राहिले, दाबा ना." आणि पाणी पिऊन गेला.

हेमराजभाऊंनी ते फार मनावर घेतले नाही. गिऱ्हाईक बाईमाणसावर ढकलतेच. पण त्या दिवसानंतर मथुराबाई रोज विचारू लागल्या, "आज कोणी येऊन राहिलं का?" कोणी येणार असले की त्या दुपारीच भाजी चिरून ठेवत आणि केसांना घट्ट रबर लावून बसत. हेल्मेट त्यांनी स्वतःच्या अधिकारात बंद केले. रक्तगटही.

"लोक कमी येते त्यानं," त्या म्हणाल्या.

लोक वाढले. राजनांदगावहून आले, बालोदहून आले. दर रविवारी शेडपुढे तीन-चार जण उभे राहू लागले. हेमराजभाऊ त्यांना पाच मिनिटांचे भाषण देत, मथुराबाई पट्टा लावून गाडीत वाट पाहत, आणि गाडी सेक्टरच्या वळणावरून दिसेनाशी झाली की हेमराजभाऊ घड्याळ लावत. चक्कर आधी दहा मिनिटांची होती, मग वीसची झाली, मग चाळीसची. गाडीतून गिऱ्हाइकाबरोबर इतरही गोष्टी उतरू लागल्या. सुपेल्याच्या बाजारातली वांगी. मरोद्याला राहणाऱ्या मथुराबाईंच्या बहिणीने दिलेले पापड, तेही गिऱ्हाइकाच्या मांडीवर.

"तू त्यांले टेस्ट ड्राइव्ह देऊन राहिली का बाजार करून राहिली?"

"रस्त्यातच होतं. गाडी भरल्या वजनानं कशी चालते ते पाहा लागते का नाही त्यांले?"

वजनाचा मुद्दा तांत्रिकदृष्ट्या बरोबर होता.

कोड्यात पाडणारी गोष्ट वेगळीच होती. प्रत्येक जण हसत उतरे, मथुराबाईंच्या पाया पडे, काही जण दुसऱ्यांदा येत, एक रश्मी नावाची शाळेतली खेळाच्या तासाची बाई तर पाच वेळा आली, आणि तरी गाडी कोणीच घेत नव्हते. 'न घेण्याचे कारण' हा रकाना आता मथुराबाई स्वतःच सांगून लिहवून घेत. 'रंग भडक.' 'दार दोनच.' 'सासू नाही म्हणते.' 'राहू वक्री.' एकाच्या नावापुढे त्यांनी नुसते लिहायला लावले, 'माणूस बरा नाही.'

"बरा नाही म्हणजे?"

"नजरेतच समजते. आपली गाडी कोणाच्याबी घरी द्याची का?"

फेब्रुवारी संपत आला. अंकुरचे जर्मनीचे विमान मार्चच्या दुसऱ्या बुधवारी होते. त्याआधीच्या शनिवारी तो तीन दिवसांसाठी, कागदांवर सह्या करायला भिलाईला येणार होता. आणि तो येण्याच्या आठवडाभर आधी, एका संध्याकाळी हेमराजभाऊ ड्यूटीवरून येऊन चहा पीत असताना त्याचा फोन आला.

"बाबा, मेरे फोन पे चालान आया है. ओव्हरस्पीडिंगचं. आपल्या गाडीचं."

"होऊच शकत नाही," हेमराजभाऊ म्हणाले. "तुही आई सोबत असते."

अंकुर म्हणाला, "हाँ बाबा. वो तो दिख रहा है. फोटो भेजता हूँ."

फोटो आला. हेमराजभाऊंनी चष्मा लावला आणि बत्तीस वर्षांच्या सवयीप्रमाणे तो क्रमाने तपासला. नंबर प्लेट स्वच्छ, वाचता येण्याजोगी. उत्तम. पुढचे दिवे चालू. उत्तम. दोघांचेही पट्टे लावलेले. फारच छान. खाली लिहिले होते, मर्यादा पन्नास, वेग बहात्तर. हे वाईट. मग त्यांनी माणसे पाहिली. डाव्या सीटवर खेळाची बाई रश्मी होती. तिने ओढणीचे टोक दातांत धरले होते आणि दोन्ही हातांनी समोरचा डॅशबोर्ड. उजव्या सीटवर, स्टिअरिंगमागे, हिरवे पातळ होते. ते पातळ हेमराजभाऊंनीच नागपूरहून आणले होते. पातळाच्या वर मथुराबाई होत्या आणि त्यांचे सगळे दात दिसत होते.

हेमराजभाऊ फोन घेऊन स्वयंपाकघरात गेले. मथुराबाई पोळ्या लाटत होत्या.

"हे कोण आहे?"

मथुराबाईंनी पिठाचे हात पुसले आणि फोटो जवळून पाहिला. "साजरा आला ना?"

"मथुरा! तू गाडी चालवून राहिली होती?"

"मंग? पोरगी भेली होती. म्हणे, काकू, मुझसे नहीं होगा, आप ही चलाओ."

"तुले येते कुठी चालवता?"

"तिनंच शिकवलं. तिच्या त्या बारक्या गाडीवर, आन् तिच्या स्कूटीवरबी. तुमी ड्यूटीवर गेले का ती दुपारून शाळा सुटल्यावर ये. दोन महिने झाले."

"आन् लायसन्स? विना लायसन्स..." हेमराजभाऊंचा आवाज चिरकला. प्लांटच्या सुरक्षा सप्ताहाच्या कार्यक्रमात पुढच्या महिन्यात त्यांचेच भाषण होते. विषय होता, 'वेग आणि कुटुंब'.

मथुराबाईंनी तांदळाचा डबा उघडला, आत हात घातला आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले कार्ड काढून ओट्यावर ठेवले. कोरे करकरीत, मोटार आणि स्कूटर दोन्हींचे. त्यावर त्यांचा फोटो होता. तोही हसरा.

"मागच्या मंगळवारी भेटलं. पहिल्याच दमात पास," त्या म्हणाल्या. "आता तुमचं दाखवा."

"माझं का दाखवू? मी पस्तीस वर्षांपासून..."

"दाखवा तं."

हेमराजभाऊंनी खिशातून पाकीट काढले, पाकिटातून लायसन्स काढले आणि तोऱ्यात कार्डाशेजारी ठेवले. मथुराबाईंनी वाकून वाचले. मग बोटाने एक ओळ दाखवली. हेमराजभाऊंनीही वाकून वाचले. मुदत संपून नऊ वर्षे झाली होती.

तव्यावरची पोळी करपली. दोघांपैकी कोणीही ती उलटली नाही. जो माणूस दर सोमवारी प्लांटच्या गेटवर उभे राहून शेकडो लोकांची लायसन्से तपासायचा, तो नऊ वर्षे विना लायसन्स स्कूटरवर बसून त्या गेटवर जात होता.

"कोणी विचारलंच नाही," ते पुटपुटले.

"तुमाले कोण विचारन?"

थोड्या वेळाने ते स्टुलावर बसले. "एक खरं सांग. कोणी घ्याले तयार होतं का?"

"चार जण."

"चार!"

"एक तं चेकबुक घेऊनच आला होता. बालोदचा. त्याले म्हटलं, बाबू, घे, पण आधीच सांगते, गाडीत बाधा आहे. आपोआप हॉर्न वाजते."

"मथुरा, कावून असं केलं? पोराचं विमान आहे."

मथुराबाईंनी गॅस बंद केला. "एकतीस वर्षं तुमच्या स्कूटरवर मागं बसली मी. तुमी कधी तीसच्या वर नेली का? मी काही म्हटलं नाही, सेफ्टीचा माणूस आहे, असू दे. आता अंकुर जर्मनीले जाऊन राहिला. तुमी रिटायर झाले का पेपर वाचत बसान. मले या म्हातारपणी रविवारचे चार सेकंद भेटून राहिले होते. तेबी विकू का?"

हेमराजभाऊंनी बरेच शोधले, पण या प्रश्नासाठी कुठलाही नियम लिहिलेला नव्हता. ते उठले, गाडीची चावी खुंटीवरून काढून खिशात घातली आणि म्हणाले, "आता विकाचं काम मी पाहतो." त्या रात्री करपलेली पोळी त्यांनीच खाल्ली.

आठवड्यात एकही गिऱ्हाईक आले नाही. सोमवारी सकाळी हेमराजभाऊंनी स्कूटरकडे पाहिले आणि पायी ड्यूटीवर गेले. मंगळवारीही पायी. मथुराबाईंनी डबा खुंटीला अडकवून ठेवला, हातात दिला नाही.

अंकुर शनिवारी आला. रविवारी सकाळी एक ताठ, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ आपल्या जुन्या मोटरसायकलवरून उतरले. नाव शामराव. दुर्गला राहत. रेल्वेत लोको पायलट होते, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेले. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि पत्र्यावरचे अकराच्या अकरा नियम उभ्याने वाचले.

"आठवा नियम अर्धाच लिहिला तुमी," ते म्हणाले. "निघायच्या आधी ब्रेक तपासा, हे ठीक. निघाल्यावर पन्नास मीटरवर पुन्हा तपासा लागते."

हेमराजभाऊंना भरून आले. असा माणूस इतके दिवस होता कुठे? शामरावांनी न विचारता रक्तगट सांगितला. हेल्मेट मागून घेतले. दोघे निघाले आणि अडतीसच्या वेगाने सेंट्रल अव्हेन्यूला दोन चकरा मारून, वाटेत ब्रेकच्या विषयावर मनसोक्त बोलून परत आले. हेमराजभाऊंचे दोन्ही जोडे पायांत होते.

ओसरीत चहा झाला. अंकुरने कागद काढले. मथुराबाई आतल्या दारात उभ्या होत्या, हातात रिकामा ट्रे.

"बाकी सगळं बरोबर आहे," शामराव म्हणाले. "एकच सांगा चुटेसाहेब. गाडी कधी पळवली का?"

"एकदाबी नाही!" हेमराजभाऊ छाती फुगवून म्हणाले. राजदीपचा विषय त्यांनी गिळला. "चार महिने माझ्या देखरेखीत आहे. चाळीसच्या वर काटा जाऊ दिला नाही."

शामरावांनी कप खाली ठेवला. "मंग नाही घेत."

"ऑं?"

"छत्तीस वर्षं इंजिनं चालवली मी. असं जोराचं इंजिन चार महिने चाळीसवर चालवलं का आतून काजळी धरते. जो घेईन त्याच्या गळ्यात दुखणं. तुमी माणूस चांगले आहे, पण गाडी मारून टाकली तुमी." ते उठले आणि मोटरसायकलची चावी शोधू लागले.

अंकुरने बापाकडे पाहिले. बुधवारचे विमान त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होते. हेमराजभाऊंनी दाराकडे पाहिले. मथुराबाई ट्रेमध्ये स्वतःचे तोंड पाहत होत्या. 

"थांबा," हेमराजभाऊ म्हणाले. ते आत गेले. कपाटातून एक फाइल काढली. फाइलवर त्यांनी स्वतःच्या सुंदर अक्षरात लिहिले होते, 'अपघात होता होता टळलेल्या घटना'. तिच्यातला एकमेव कागद, चालानची छापून घेतलेली प्रत, घेऊन ते बाहेर आले आणि शामरावांपुढे धरला. "हे पाहा. सरकारी कागद आहे."

शामरावांनी चालान वाचले. फोटो उजेडाकडे धरून पाहिला. "बहात्तर. कोण चालवून राहिलं हे?"

उत्तर देण्यापूर्वी हेमराजभाऊंच्या डोळ्यांपुढून सुरक्षा सप्ताह गेला, मंच गेला, माइक गेला. शेजारी बसलेल्या बाईचे नाव सांगता आले असते. छापील प्रतीत दोघींचे चेहरे पुसटच आले होते.

"आमच्या मिसेस," ते म्हणाले.

शामरावांनी दाराकडे पाहून मान लववली. मग कागद परत केला. "पण बहात्तर म्हणजे काहीच नाही, चुटेसाहेब. या इंजिनाले बहात्तरनं का होते?"

आता मथुराबाईंना राहवले नाही. "भाऊजी, ते ब्रेक मारल्यावरचं आहे," त्या म्हणाल्या. "मले कॅमेरा दिसला ना."

अंकुरने डोके धरले. शामराव हळूच पुन्हा खुर्चीवर बसले.

"आन् त्याच्या आधी किती होतं, वहिनी?"

"काटा पाहाले वेळ कोणाले होता?"

शामरावांनी मिशीवरून हात फिरवला. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी लहान मुलासारखे आले. "एक चक्कर मारून आणता का मले?"

मथुराबाई जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी नवऱ्याकडे पाहिले. हेमराजभाऊंनी खिशातून चावी काढली, ती तळहातावर थोडा वेळ तोलली आणि ट्रेमध्ये ठेवली. "पन्नास मीटरवर ब्रेक तपासजो," ते म्हणाले.

गाडी वळणावरून गेली. हेमराजभाऊंनी घड्याळ लावले नाही. बाप-लेक ओसरीत बसून राहिले. दूर कुठेतरी, मरोद्याच्या बाजूने, एक आवाज चढत गेला, चढत गेला आणि बराच वेळ उतरला नाही.

"बाबा, ही आई आहे?" अंकुरने विचारले.

"हाव," हेमराजभाऊ म्हणाले. "थर्डमधी आहे आता."

अकरा मिनिटांनी गाडी परत आली. शामराव दार धरून उतरले, चष्मा काढला आणि पुसत राहिले. चष्मा स्वच्छ झाल्यावरही पुसत राहिले. "राजधानी चालवली मी," ते शेवटी म्हणाले, "पण तिथं खाली रूळ तरी रायते." मग अंकुरकडे वळून म्हणाले, "आणा कागद. इंजिन साफ आहे."

गाडी सोमवारी गेली, अंकुर बुधवारचे विमान गाठायला मंगळवारीच रायपूरहून निघाला. मथुराबाईंनी शेड झाडली, पत्र्यावरचे कागद ओले करून खरवडून काढले आणि तिथे वाळवणाची दोरी बांधली. गाडीविषयी त्या काही बोलल्या नाहीत. रविवारी मात्र केसांना रबर लावून ओसरीत बसल्या आणि मग काहीतरी आठवल्यासारखे करून उठून आत गेल्या. हेमराजभाऊंनी पेपरच्या वरून ते पाहिले.

गुरुवारी सुट्टी टाकून ते लायसन्सचे काम करायला दुर्गच्या आरटीओत गेले. खिडकीतल्या माणसाने त्यांचे कार्ड उलटेसुलटे करून पाहिले. इतक्या वर्षांनी ते नवे होणार नव्हते. पुन्हा शिकाऊ लायसन्सपासून सुरुवात, आधी कॉम्प्युटरवर परीक्षा. हेमराजभाऊ हसत बसले आणि पाच मिनिटांत नापास होऊन उठले. रस्त्यावर काही अडचण आली तर काय कराल, अशा प्रत्येक प्रश्नाला त्यांनी 'वाहन थांबवून वरिष्ठांना कळवणे' याच्या जवळात जवळचे उत्तर निवडले होते. दुसऱ्या खेपेला मथुराबाईंनी चार दिवस आधी त्यांचा अभ्यास घेतला, तेव्हा कुठे कसेबसे पास झाले.

पण शिकाऊ माणसाला एकट्याने गाडी चालवता येत नाही. सोबत पक्के लायसन्स असलेला कोणीतरी हवा. हे खिडकीतल्या माणसाने सांगितले तेव्हा पुढच्याला हाक मारायची घाई त्याला होती. ते कोणी पाळत नाही, असेही तो म्हणाला. हेमराजभाऊंनी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिले की त्याने मान खाली घातली.

तेव्हापासून रोज सकाळी हेमराजभाऊ स्कूटरवर पुढे बसून, शिकाऊ असल्याचे लाल 'एल' चिकटवून, अठ्ठावीसच्या वेगाने प्लांटच्या गेटपर्यंत जात आणि मागे मथुराबाई कायदेशीर सोबत म्हणून बसत. गेटवरचे शिपाई सलाम ठोकत आणि हसू दाबत. हेमराजभाऊ उतरून स्कूटरचे हेल्मेट काढत, प्लांटचे घालत, डबा घेत आणि आत जात. स्कूटर अर्थातच मथुराबाई परत नेत. संध्याकाळपर्यंत ती त्यांच्याकडेच असे.

साडेपाचला त्या न्यायला येत. कधी पावणेसहा होत. पातळावर धूळ असे, अंबाडा सुटलेला असे. एकदा त्यांनी पिशवीतून ताजी मोहफुले काढून हेमराजभाऊंच्या हातात ठेवली. मोहफुले जंगलात पडतात आणि जंगल सेक्टर दोनच्या जवळपास कुठेही नाही, हे त्यांना माहीत होते.

"कुठून आणलं?"

"रस्त्यातच होतं."

हेमराजभाऊंनी वाकून इंजिनजवळ हात नेला आणि झटकन मागे घेतला. मग त्यांनी हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली नीट लावला, दोनदा ओढून पाहिला आणि मुकाट्याने मागच्या सीटवर बसले.